जुन्या सिड चिपमधून अ‍ॅसिड बेस: खान्देशात बसून, पहिल्या वायरीपासून

सिड ही कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकातली आवाजाची चिप. ती ब्रेडबोर्डवर पहिल्यांदा वाजते तेव्हा जुन्या व्हिडिओ गेमसारखा गोड, टोकदार सूर ऐकू येतो. मग आपण रेझोनन्स (फिल्टरचा कटऑफजवळचा उंचवटा) पूर्ण वाढवतो, कटऑफचा (फिल्टर जिथपासून वरचे अंश कापतो त्या जागेचा) नॉब फिरवतो, तरी अ‍ॅसिड बेसची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाच-संगीतातल्या खर्जाच्या ओळीची, ती पिळवटलेली, चावरी किंचाळी काही येत नाही. बरेच जण इथेच थांबतात आणि चिपच्या फिल्टरला दोष देतात. फिल्टर अशक्त आहे हे खरं, पण अडचण तिथे नाही. अ‍ॅसिडचा आवाज सुरापेक्षा एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना काय घडतं त्यात असतो, आणि ते घडवणं चिपचं काम नसून तुमच्या प्रोग्रामचं आहे. हे लक्षात आलं की चाळीस वर्षांपूर्वीची ही चिपसुद्धा हवं ते देते.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरोघरी छोटे स्टुडिओ झाले आहेत. अहिराणी गाण्यांचं प्रोग्रामिंग लॅपटॉपवर चालतं आणि बेस बहुतेक तयार नमुन्यांतून येतो. ज्यांना तो बेस स्वतःच्या हाताने घडवायचा आहे, सोल्डरिंग थोडंफार जमतं आणि आर्डुइनोवर किमान एक दिवा लुकलुकवून पाहिला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी हे समजून घ्या: आपण कशाची नक्कल करतोय

अ‍ॅसिड बेस जन्माला आला रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या चंदेरी पेटीतून. तादाओ किकुमोतो यांनी ती रचली. १९८१ मध्ये ती आली आणि १९८४ पर्यंत बंदही झाली, कारण बेस गिटारची जागा घेण्याचं तिचं मूळ काम तिला नीट जमत नव्हतं. नंतर शिकागोच्या तरुणांनी ती स्वस्तात सेकंडहँड घेतली, नॉब पिळले आणि एक नवं संगीत उभं राहिलं. त्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजीत सिंग यांनी याच पेटीवर राग बांधून रेकॉर्ड केले होते. म्हणून पुढे मी सुरांची नावं सरगमात देणार आहे. या यंत्राला सरगम परकी नाही.

त्या पेटीत ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग, एकच. तरंगाचा आकार सॉटूथ किंवा स्क्वेअर, एवढीच निवड. पुढे वरचे अंश कापणारा एक लो-पास फिल्टर, आणि सोळा घरांचा सिक्वेन्सर. बाकी सगळी करामत तीन गोष्टींची आहे: फिल्टरचा एन्व्हलप (प्रत्येक सुरागणिक फिल्टरचा चढउतार), स्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं) आणि ठरावीक सुरांवर जोर देणारा अ‍ॅक्सेंट.

आपली चिप म्हणजे सिड. मॉस टेक्नॉलॉजीमध्ये बॉब यानेस यांनी ती रचली आणि १९८२ च्या कमोडोर ६४ संगणकात ती बसली. तिच्यात तीन ऑसिलेटर आहेत आणि, त्या काळच्या दुसऱ्या बहुतेक साउंड चिपमध्ये नसलेला, खराखुरा अ‍ॅनालॉग फिल्टर आहे. अ‍ॅसिडसाठी मी सिडच घ्या म्हणतो ते या फिल्टरमुळे. एवाय-३-८९१० ही चिप स्वस्त आणि सहज मिळणारी आहे, पण तिच्यात फिल्टर नाही. तो बाहेर वेगळा बांधावा लागतो आणि नवशिक्याला ते काम दुप्पट पडतं.

१. चिप निवडा

सिडच्या दोन पिढ्या आहेत. ६५८१ जुनी. तिला १२ व्होल्ट लागतात, ती तापते, आणि तिचा फिल्टर खरखरीत, प्रत्येक नगात वेगळा. ८५८० नंतरची. तिला ९ व्होल्ट लागतात, ती थंड राहते आणि तिचा फिल्टर स्वच्छ, अंदाज बांधता येईल असा असतो. ६५८१ चा फिल्टर स्वतःच थोडा फाटतो आणि अ‍ॅसिडला ते फाटणं मानवतं. तरी पहिलीच बांधणी असेल तर ८५८० घ्या, म्हणजे प्रोग्राममधले आकडे अपेक्षेप्रमाणे वागतील.

कमोडोर आपल्याकडे फारसा आलाच नाही, त्यामुळे भंगारात ही चिप सापडायची आशा ठेवू नका. ती परदेशातूनच येते. इथे पहिला सापळा आहे: ऑनलाइन बाजारात खोट्या सिड भरपूर आहेत. भलत्याच चिपवरचा छापा घासून नवा क्रमांक मारलेला असतो. स्वस्त, चकचकीत, एकसारख्या छापाच्या दहा चिपांचा संच दिसला की तो सोडून द्या. विकणाऱ्याने चिप वाजवून दाखवलेला व्हिडिओ मागा. ६५८१ आणि ८५८० सोडून तिसरा मार्ग आधुनिक पर्यायांचा. आर्मसिड, एफपीजीएसिड अशा छोट्या पाट्या त्याच २८ पिनांच्या जागी बसतात आणि आतून सिडसारख्या वागतात. जुनी चिप जळण्याची भीती वाटत असेल तर यापैकी एकीवर सगळं बसवा आणि खरी चिप नंतर लावा. मात्र पर्याय घेतलात तर वीज आणि कपॅसिटरच्या बाबतीत त्याचं स्वतःचं माहितीपत्रक पाळा, खाली लिहिलेलं नाही.

किंमत ठरवताना टपाल आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करा.

२. सामान गोळा करा

चिप सोडून बाकी सगळं भारतात मिळतं. रेझिस्टर, कपॅसिटर, व्होल्टेज रेग्युलेटर यांसाठी जळगावात गोलाणी मार्केटपासून सुरुवात करा, किंवा तुमच्या गावातल्या जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याला विचारा. त्याच्या डब्यांत अर्धी यादी सापडते. न मिळेल ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून मागवा.

- आर्डुइनो नॅनो. ऊनो नको. नॅनोला ए-६ आणि ए-७ या दोन जादा अ‍ॅनालॉग पिना आहेत आणि आपल्याला त्या लागणारच आहेत.
- २८ पिनांचा आयसी बेस, म्हणजे चिप बसवायचं सॉकेट. चिप थेट सोल्डर करायची नाही, कधीच नाही.
- ब्रेडबोर्ड, नंतर झिरो पीसीबी.
- १२ व्होल्टचा चांगला अ‍ॅडॉप्टर, ७८०५ रेग्युलेटर हीट सिंकसह, आणि ८५८० असेल तर ७८०९ सुद्धा.
- फिल्टरचे दोन कपॅसिटर: ६५८१ साठी ४७० पिकोफॅरडचे, ८५८० साठी २२ नॅनोफॅरडचे.
- १० किलोओहमचे चार पॉट (नॉबने फिरणारे रेझिस्टर).
- १ किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचे पाच-सहा कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा एक, आणि ऑडिओ जॅक.
- मल्टिमीटर. हा नसेल तर चिप विकतच घेऊ नका.

३. वीज आधी, चिप शेवटी

सर्वांत जास्त सिड इथे मरतात. ८५८० ला १२ व्होल्ट दिले की ती संपली. दोन्ही चिपांचा आकार सारखाच आहे, पिनाही त्याच, त्यामुळे चूक सहज होते.

आयसी बेस रिकामा ठेवून वीज लावा आणि मीटरने मोजा. १४ क्रमांकाची पिन ग्राउंड, २५ वर ५ व्होल्ट, २८ वर चिपप्रमाणे १२ किंवा ९. आकडे बरोबर आले की वीज बंद करा, मगच चिप बसवा. चिपवरची खाच बेसवरच्या खाचेशी जुळली आहे ना, हे दोनदा बघा.

७८०५ ला १२ व्होल्टवरून ५ वर आणताना मधले ७ व्होल्ट उष्णतेत घालवावे लागतात. दीडशे मिलिअँपिअरला ती साधारण एक वॉट होते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर असताना हीट सिंकशिवाय तो रेग्युलेटर टिकत नाही. ६५८१ च्या पाठीवरही छोटा हीट सिंक चिकटवा. तिचा फिल्टर तापमानाबरोबर सरकतो, त्यामुळे आवाज जुळवण्याआधी चिप पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या.

स्थिर विजेबद्दलही सांगितलं पाहिजे. आपल्याकडची हवा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कोरडी असते. टेरिलिनचा शर्ट किंवा प्लॅस्टिकची खुर्ची यांतून आलेली एक ठिणगी या जुन्या चिपला पुरते. हातात घेण्याआधी ग्राउंडला जोडलेल्या धातूला स्पर्श करा, आणि चिप काळ्या फोममध्येच ठेवा.

खेड्यात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं आणि पंप बंद झाले की उसळतं. तिथे बांधणी आणि रेकॉर्डिंग पंपांची पाळी नसताना करा, किंवा अ‍ॅडॉप्टर यूपीएसवर लावा.

४. जोडणी

नॅनोच्या पिनांचा हिशोब अगदी नेमका बसतो. चिपच्या आठ डेटा पिना, १५ ते २२, नॅनोच्या डी-२ ते डी-८ आणि डी-१० ला जोडा. पाच अ‍ॅड्रेस पिना, ९ ते १३, डी-११, डी-१२, डी-१३, ए-० आणि ए-१ ला. चिप-सिलेक्ट म्हणजे ८ क्रमांकाची पिन ए-२ ला, आणि रीसेट म्हणजे ५ क्रमांकाची ए-३ ला. क्लॉक ६ क्रमांकावर, डी-९ वरून. ७ क्रमांकाची वाचा-लिहा पिन सरळ ग्राउंडला, कारण आपण फक्त लिहिणार आहोत. उरलेल्या ए-४ ते ए-७ वर चार पॉट: कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलपची खोली आणि डिके (एन्व्हलप उतरण्याचा वेग). ३०३ वरचे महत्त्वाचे नॉब हेच.

डी-० मोकळी राहते. पुढे मिडी कीबोर्ड जोडायचा झाला तर ती त्यासाठी. मिडी लावल्यावर नवा प्रोग्राम चढवताना ती वायर काढावी लागते, नाहीतर अपलोड अडतं.

फिल्टरचा एक कपॅसिटर १ आणि २ या पिनांमध्ये, दुसरा ३ आणि ४ मध्ये. २७ वर आवाज बाहेर येतो. तिथून १ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जॅककडे, धन टोक चिपच्या बाजूला. हा कपॅसिटर विसरू नका. त्या पिनेवर कायम काही व्होल्ट डीसी असतं आणि ते तुमच्या मिक्सरमध्ये जायला नको. २६ क्रमांकाची पिन बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी आहे. ती हवेत सोडली तर खरखर आत येते. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ती ग्राउंडला जोडा, थेट नाही.

दोन बारीक गोष्टी बऱ्याच आकृत्यांत नसतात. एक, चिप-सिलेक्टवर १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे लावा, म्हणजे नॅनो जागा होत असताना चिप भलतंसलतं वाचणार नाही. दुसरी, २५ आणि २८ या पिनांजवळ, अगदी चिपला चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर ग्राउंडला द्या.

५. पहिला सूर

सिडला साधारण १ मेगाहर्ट्झचं क्लॉक लागतं. नॅनो १६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याचा टायमर-१ तुलना करून पिन उलटवण्याच्या पद्धतीत लावा आणि तुलनेचा आकडा ७ ठेवा, की डी-९ वर बरोबर १ मेगाहर्ट्झ मिळतो. हा टायमर आता क्लॉकचाच झाला. त्याला हात लावणारी दुसरी कोणतीही लायब्ररी, उदाहरणार्थ सर्वो मोटरची, वापरू नका.

क्लॉक आधी सुरू करा, मग रीसेट खाली ओढून एक मिलिसेकंद थांबा आणि वर सोडा. चिपला हुकूम द्यायचा तो तिच्या रजिस्टरांत, म्हणजे आकडे ठेवायच्या घरांत, आकडा लिहून. रजिस्टर लिहिण्याची रीत अशी: अ‍ॅड्रेस ठेवा, डेटा ठेवा, चिप-सिलेक्ट खाली करा, दोन मायक्रोसेकंद थांबा, वर करा.

आता हे लिहा. रजिस्टर २४ मध्ये ३१, म्हणजे लो-पास चालू आणि आवाज पूर्ण. रजिस्टर २३ मध्ये २४१, म्हणजे रेझोनन्स कमाल १५ वर आणि पहिला ऑसिलेटर फिल्टरमधून. रजिस्टर ५ मध्ये ०, ६ मध्ये २४०. सुरासाठी ० मध्ये १५५ आणि १ मध्ये ३. हे दोन मिळून ९२३ होतात, म्हणजे ५५ हर्ट्झ, आणि हाच आपला सा. २२ मध्ये १२० ठेवा. शेवटी ४ मध्ये ३३: सॉटूथ ३२ आणि सूर चालू-बंद करणारं गेट १. स्क्वेअर हवा असेल तर ३ मध्ये ८, २ मध्ये ० आणि ४ मध्ये ६५.

कोणताही सूर काढण्याचा हिशोब एका ओळीचा आहे: हर्ट्झला १६.७७७ ने गुणा.

काहीच वाजलं नाही तर सर्वांत आधी रजिस्टर २४ बघा. रीसेटनंतर आवाजाची पातळी शून्य असते.

रजिस्टर ५ आणि ६ च्या आकड्यांमागे कारण आहे. सिडच्या आवाजाच्या एन्व्हलपमध्ये एक प्रसिद्ध दोष आहे: अटॅक (सूर उठणं), डिके (उतरणं) आणि रिलीज (विझणं) यांचे वेग वेगवेगळे असले की कधीकधी सूर सुमारे ३३ मिलिसेकंद उशिरा उठतो. बेसलाइनमध्ये इतका उशीर कानाला लागतो आणि ताल मोडतो. तिन्ही शून्यावर ठेवले तर सगळ्यांचा वेग एकच होतो आणि हा दोष उद्भवतच नाही. ३०३ च्या बेसला आवाजाचा एन्व्हलप एरवीही जवळजवळ चालू-बंदच लागतो, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही.

६. फिल्टरचा एन्व्हलप

खरं काम इथे आहे. याला पाहिजे तेवढा वेळ द्या.

सिडमध्ये प्रत्येक ऑसिलेटरला आवाजाचा एन्व्हलप आहे, पण फिल्टरला स्वतःचा नाही. कटऑफ म्हणजे दोन रजिस्टरांतला एक आकडा, ० ते २०४७. तो हलवायचा तर तुम्हीच हलवायचा. म्हणून प्रोग्राममध्ये दर २ मिलिसेकंदांनी चालणारा एक भाग लिहा. नवा सूर लागला की एन्व्हलपची पातळी ६५५३५ करा आणि दर खेपेला तिच्यातून तिचाच काही हिस्सा वजा करा. १२८ वा हिस्सा वजा केला तर पातळी साधारण पाव सेकंदात एक तृतीयांशाजवळ येते. डिकेच्या नॉबने हा हिस्सा ६४ व्यापासून १०२४ व्यापर्यंत बदलू द्या. सरळ रेषेत उतरवू नका, म्हणजे दर खेपेला ठरावीक आकडा वजा करू नका. त्याने आवाज सायरनसारखा होतो.

ही पातळी थेट कटऑफमध्ये टाकली तरी काम अर्धंच राहतं. ८५८० चा कटऑफ आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण कान सप्तकाच्या हिशोबाने ऐकतो. ३०३ चा फिल्टरही सप्तकांच्याच हिशोबाने चालतो, त्यामुळे तिथे सुरुवातीची घसरण झपकन होते आणि शेपटी रेंगाळते. ‘च्याँव’ हा उच्चार त्या वळणात आहे. म्हणून २५६ आकड्यांचा एक तक्ता बनवा: पहिला ३०, शेवटचा २०४७, आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा साधारण १.७ टक्क्यांनी मोठा. कटऑफचा नॉब आणि एन्व्हलप यांची बेरीज या तक्त्यातली जागा ठरवेल आणि तिथला आकडा चिपला जाईल.

६५८१ साठी तक्ता ज्याचा त्याने बनवायचा. बऱ्याच नगांवर खालच्या अर्ध्या भागात फिल्टर जवळजवळ हलतच नाही, मग एकदम उघडतो. सॉटूथ चालू ठेवून कटऑफ ० पासून हळूहळू वाढवा. कुठे उघडायला लागतो आणि कुठे पूर्ण उघडतो ते दोन आकडे कागदावर लिहा आणि तक्ता त्या दोघांमध्येच बसवा. दुसऱ्या कोणाचे आकडे तुमच्या चिपला लागू पडत नाहीत.

सापळे तीन. बेरीज २५५ च्या पुढे गेली तर तिथेच थांबवा, नाहीतर आकडा गुंडाळून पुन्हा शून्यावर येतो आणि जोरात टक् ऐकू येतं. कटऑफचे खालचे तीन बिट रजिस्टर २१ मध्ये आणि वरचे आठ २२ मध्ये जातात. फक्त २२ लिहिलं तरी चालतं, पण लांब डिकेमध्ये पायऱ्या ऐकू येतात. आणि पॉटचं वाचन एक-दोन आकड्यांनी सतत थरथरतं. मागच्या वाचनापेक्षा तीन-चार आकड्यांचा फरक पडल्याशिवाय ते बदलू नका.

रजिस्टर २४ मध्ये ३१ ऐवजी ६३ लिहिलं की लो-पासबरोबर बँड-पासही जोडीला येतो. काही चिपांवर त्याने कटऑफच्या आसपास छान धार येते. दोन्ही ऐका आणि तुमच्या कानाला पटेल ते ठेवा.

७. स्लाइड

सतारीवरची मींड आठवा: बोट तारेवरून उठत नाही, दुसरा आघात होत नाही, सूर ओढत नेला जातो. स्लाइड तीच. नव्या सुरासाठी गेट बंद-चालू करायचं नाही आणि फिल्टरचा एन्व्हलपही पुन्हा वर न्यायचा नाही. फक्त सुराचा आकडा सरकवायचा.

३०३ मध्ये हे सरकणं सुमारे ६० मिलिसेकंदांत उरकतं, अंतर एका श्रुतीचं असो की सप्तकाचं. दर २ मिलिसेकंदांनी उरलेल्या अंतराचा आठवा हिस्सा पुढे गेलात की जवळपास तेच वळण मिळतं.

यात एक खोड आहे. पूर्णांकांचा भागाकार करताना उरलेलं अंतर आठपेक्षा कमी झालं की आठवा हिस्सा शून्य येतो आणि सूर लक्ष्याच्या थोडा आधीच अडकतो. खर्जातल्या सा जवळ सात आकड्यांची तूट म्हणजे सर्वांत लहान श्रुतीच्या निम्म्याहून जास्त, आणि ती स्पष्ट बेसूर ऐकू येते. अंतर आठच्या आत आलं की सरळ लक्ष्याचा आकडा लिहून टाका.

८. अ‍ॅक्सेंट

अ‍ॅक्सेंट म्हणजे नुसता मोठा आवाज नाही. त्या घरावर तीन गोष्टी एकदम घडतात: आवाज वाढतो, फिल्टर जास्त उघडतो आणि डिके आखूड होतो, नॉब कुठेही असला तरी.

आवाजासाठी साध्या सुराला रजिस्टर ६ मध्ये १४४ आणि अ‍ॅक्सेंटला २४० लिहा. हे गेट लावण्याच्या आधी लिहायचं. सूर चालू असताना सस्टेन (सूर धरून ठेवण्याची पातळी) वाढवायला गेलात तर सिड ऐकत नाही. डिके त्या सुरापुरता ६४ व्या हिश्शावर आणा. खोली दीडपट करा.

चौथी गोष्ट बहुतेक नकला सोडून देतात. ३०३ मध्ये लागोपाठ अ‍ॅक्सेंट आले की आतला एक कपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो, त्यामुळे दुसरा अ‍ॅक्सेंट पहिल्यापेक्षा उंच जातो आणि तिसरा त्याहून. रेझोनन्स जितका जास्त, तितका हा परिणाम ठळक. प्रोग्राममध्ये एक वेगळा साठा ठेवा. प्रत्येक अ‍ॅक्सेंटला त्यात भर घाला, दर खेपेला २५६ वा हिस्सा काढून घ्या, आणि रेझोनन्सच्या प्रमाणात तो कटऑफच्या बेरजेत मिळवा. दोन ओळींचं काम आहे आणि ओळ जिवंत वाटते ती त्यामुळेच.

९. सोळा घरं भरा

१२५ च्या लयीत एक घर १२० मिलिसेकंदांचं. गेट निम्मा वेळ चालू ठेवा, निम्मा बंद. ज्या घरावर स्लाइड आहे तिथे गेट पुढच्या सुरापर्यंत चालूच राहील.

सुरुवातीला ही ओळ घ्या:

सा, सा, रिकामं, तार सा, | सा, कोमल ग, सा, रिकामं, | सा, तार सा, कोमल नी, रिकामं, | सा, कोमल रे, सा, तार सा.

स्लाइड पाचव्यावरून सहाव्यावर, दहाव्यावरून अकराव्यावर आणि पंधराव्यावरून सोळाव्यावर. अ‍ॅक्सेंट चौथ्या, तेराव्या आणि चौदाव्या घरावर. कोमल रे वर लागोपाठचा दुसरा अ‍ॅक्सेंट येतो, तिथे तो साठा काय करतो ते ऐका.

सूर कमी ठेवा. तीन-चार पुरतात. नवशिके ओळीत सुरावट भरतात आणि नॉब फिरवायला जागाच उरत नाही. रिकामी घरं सुरांइतकीच मोलाची आहेत. ओळ बदलावीशी वाटली तर आधी सूर तसेच ठेवून फक्त अ‍ॅक्सेंटची घरं हलवून बघा. ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते.

१०. ओव्हरड्राइव्ह

सिडचा रेझोनन्स स्वतःहून शिट्टी घालत नाही. कमाल १५ वरही कटऑफजवळ एक माफक उंचवटा येतो, इतकंच. ती कमतरता बाहेर भरून निघते. फिल्टरनंतर आवाज फाटवला की तो उंचवटा बाकी सुरांना ढकलत पुढे येतो आणि किंचाळी मिळते. म्हणून ही पायरी ऐच्छिक समजू नका.

गिटारवाल्या मित्राचा साधा ओव्हरड्राइव्ह पेडल उत्तम. नसेल तर टीएल०७२ आणि १एन४१४८ चे दोन डायोड उलटसुलट तोंडाने लावून घरीच होतो. पण सिड २ व्होल्टपर्यंत आवाज देते आणि पेडल गिटारच्या क्षीण आवाजासाठी बनलेला असतो. मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडकडे १० किलोओहमचा पॉट लावा, म्हणजे पातळी अकराव्या हिश्शावर येईल आणि तिथून हवी तशी कमी करता येईल. ड्राइव्ह आधी अगदी थोडा द्या, रेझोनन्स पूर्ण ठेवा, मग ड्राइव्ह वाढवत जा. जिथे सा चा पाया विरघळायला लागतो तिथून थोडं मागे या.

६५८१ गेट बंद असतानाही थोडा आवाज गळू देते. ड्राइव्हने ती गळती मोठी होते. रिकाम्या घरांवर कटऑफ खाली बंद करा, बरीचशी दबून जाईल.

११. ऐकणं आणि रेकॉर्ड करणं

५५ हर्ट्झ मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही. तिथे फक्त वरचे अंश ऐकू येतात आणि ओळ पातळ वाटते. हेडफोन किंवा चांगला बॉक्स घ्या. लग्नाच्या डीजेवाल्याशी ओळख असेल तर साउंड चेकच्या वेळी पाच मिनिटं मागून घ्या. खालचा पट्टा खरोखर किती येतोय ते तिथेच कळतं.

लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये ही वायर घालू नका, लाइन-इन किंवा ऑडिओ इंटरफेस वापरा. घूंऽऽ असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष ग्राउंडच्या वळशाचा आहे, चिपचा नाही. जुन्या घरांत भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं भोक कुठेच जोडलेलं नसतं, तेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

अहिराणी गाण्याखाली हा बेस लावताना किक आणि खर्जाचा सा एकाच घरावर आदळू देऊ नका. जिथे किक आहे तिथे रिकामं घर किंवा तार सा ठेवला की दोन्ही मोकळे ऐकू येतात. आणि रेकॉर्डिंग करताना पेडलच्या आधीचा स्वच्छ आवाज दुसऱ्या ट्रॅकवर वेगळा घ्या. नॉब फिरवण्याची ती एक खेप पुन्हा तशीच हाताला येत नाही, पण ड्राइव्ह कमीजास्त करायचा झाला तर स्वच्छ ट्रॅक पेडलमधून नंतर कितीही वेळा पुन्हा काढता येतो.